राळेगावची दुनळी : जुन्या बंदुकीची पारख आणि एका वाघिणीचा शेवट

१/ २ नोव्हेंबर २०१८ ची रात्र. यवतमाळ जिल्ह्याच्या राळेगाव तालुक्यात, बोराटी गावाच्या परिसरात रायफलीची एक गोळी सुटली आणि 'टी-१' उर्फ अवनी या वाघिणीचा शेवट झाला. देशभर चर्चा झाली ती वाघिणीची. ती गोळी ज्या शस्त्रातून सुटली, त्या शस्त्राचा आणि ते हाती धरण्याच्या अधिकाराचा इतिहास मात्र अंधारातच राहिला. हा धागा त्या इतिहासाचा.

२/ राळेगावचा मुलूख कापसाचा आणि तुरीचा. शिवार संपते तिथे सागाचे जंगल सुरू होते, आणि पुष्कळ ठिकाणी दोहोंमधली सीमा केवळ एका धुऱ्याची असते. पीक हाताशी आले की रोही आणि रानडुकरे उतरतात. म्हणून शेतकऱ्याच्या वाट्याला जागल येते : रात्रभर मचाणावर बसून डबे वाजवणे, गोफण फिरवणे, शेकोटी पेटती ठेवणे. ज्याला शक्य होते त्याच्या मचाणावर एक बंदूकही असे.

३/ ही बंदूक बहुधा ठासणीची. नळीच्या तोंडातून काळी दारू ओतायची, वर बोळा ठासायचा, मग छर्रे घालायचे आणि पुन्हा बोळा. एक बार झाला की हा सगळा खटाटोप नव्याने. पावसाळ्यात दारू सर्दावली की बार फुसका जाई. तिचा उपयोग मारण्यापेक्षा आवाजाने पळवून लावण्यासाठी अधिक होता.

४/ वऱ्हाडाचा कारभार १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांकडे आला. आजच्या यवतमाळ जिल्ह्याला त्या काळी वणी जिल्हा म्हणत. १९०५ मध्ये त्याचे नाव बदलले. दरम्यान १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत शस्त्र कायदा आला. हिंदी माणसाला परवान्याविना शस्त्र बाळगणे गुन्हा ठरले. युरोपियनांना मात्र सूट मिळाली. हा अपमान राष्ट्रीय चळवळीला दीर्घकाळ सलत राहिला. १९३१ च्या कराची अधिवेशनात काँग्रेसने मूलभूत हक्कांचा जो ठराव केला, त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही नोंदवला होता.

५/ स्वातंत्र्यानंतर शस्त्र अधिनियम १९५९ आला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्याचे कलम १३ वाचले की मचाणावरची ती बंदूक डोळ्यांपुढे उभी राहते. स्वसंरक्षण वा शिकारीच्या खेळासाठी किमान २० इंच लांबीच्या गुळगुळीत नळीची बंदूक; खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक. ठासणीची पुरेशी नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री पटली, तरच पीकरक्षणासाठी गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक. शेतकऱ्याला शस्त्र मिळावे, पण त्याचा पल्ला आखूड असावा, हा त्या तरतुदीचा आशय होता.

६/ गुळगुळीत नळी आणि रायफल यांतला भेद येथे समजून घ्यावा लागतो. रायफलीच्या नळीत आतून पिळाचे आटे असतात. त्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत सरळ आणि दूर जाते. गुळगुळीत नळीतून सुटलेले छर्रे पसरतात आणि साधारण ३५-४० मीटरनंतर त्यांचा जोर व नेम दोन्ही ओसरतात. '१२ बोअर' हे नावही जुन्या हिशेबातले : एक पौंड शिशाचे बारा समान गोळे केले, तर त्यांतल्या एका गोळ्याचा व्यास तोच नळीचा व्यास, म्हणजे सुमारे १८.५ मिलिमीटर.

७/ मग हळूहळू ठासणीची जागा काडतुसाच्या एकनळीने आणि दुनळीने घेतली. मुंगेरच्या कारखान्यांतल्या देशी बंदुका होत्या, सरकारी आयुध निर्माणीच्या होत्या. इंग्रजी किंवा बेल्जियन घडणीच्या बंदुका साहेबांच्या वा जमीनदारांच्या घरांतून फिरत बाजारात येत. १९८० च्या दशकाच्या मध्यानंतर खाजगी व्यापाऱ्यांना बंदुकांची आयात बंद झाली आणि जुन्या विलायती दुनळीचा भाव चढला. काडतुसे मात्र महाराष्ट्रातच बनत. पुण्याजवळच्या खडकी दारूगोळा कारखान्याचे 'शक्तिमान' हे नाव बंदूकधारी शेतकऱ्याला ओळखीचे.

८/ जुनी बंदूक घेणे म्हणजे जुना बैल घेण्यासारखे. दात पाहिल्यावाचून दावे हाती घेऊ नये. पहिली परीक्षा नळीची. ती उजेडाकडे धरून आतून पाहायची : गंजाचे खड्डे आहेत का, कुठे फुगवटा वा पोचा आहे का. काही जुन्या नळ्यांवर लाकडाच्या रेषांसारखी नक्षी दिसते. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, तापवून जोडलेली ही 'दमास्कस' नळी. दिसायला देखणी, पण मुळात काळ्या दारूसाठी घडवलेली. आधुनिक धूरविरहित दारूचा दाब तिला सोसेलच असे नाही.

९/ दुसरी परीक्षा ठशांची. लंडन, बर्मिंगहॅम आणि बेल्जियममधील लिएज येथे प्रत्येक नळी जादा दाबाचा बार करून तपासत आणि मगच तिच्यावर ठसा उमटवत. जुन्या इंग्रजी बंदुकांत काडतुसाची खोबण बहुधा अडीच इंचांची, म्हणजे ६५ मिलिमीटरची. आजचे सर्रास मिळणारे काडतूस ७० मिलिमीटरचे. ते आत बसते, त्यामुळे फसगत होते. बार होताना काडतुसाचे तोंड उलगडते, तेव्हा त्याला जागा अपुरी पडते आणि दाब धोक्याच्या पातळीवर जातो.

१०/ तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची परीक्षा सांध्याची. दुनळी बिजागरीवर मोडते. वर्षानुवर्षे वापरून बिजागरी झिजली की नळी आणि तिच्या मागची पाटी यांत फट पडते. बंदूक मिटवून, दस्ता काढून हलवली आणि नळी खुळखुळली, तर ती बंदूक कितीही नावाजलेल्या कारखान्याची असो, तिच्यावर विसंबू नये. खर्च आणि टिकाऊपणा यांचा मेळ घालायचा तर १८७५ च्या अँसन आणि डीली रचनेची 'बॉक्सलॉक' दुनळी बरी : भाग थोडे, बिघाड कमी.

११/ खुळखुळणाऱ्या सांध्याची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट विदर्भाबाहेरची आहे. १९०७ मध्ये कुमाऊँतील चंपावत येथे जिम कॉर्बेट नरभक्षक वाघिणीसमोर उभे होते. रायफलीतली काडतुसे संपली. ते धावत तहसीलदारांकडे गेले आणि त्यांची बंदूक घेऊन परतले. नेम धरताना त्यांना दिसले की नळी आणि पाटी यांत डोळ्यांना सहज जाणवेल एवढी फट आहे. बार मागे उलटून डोळे जाण्याचा धोका होता. तरी त्यांनी चाप ओढला. नेम वाघिणीच्या तोंडाचा होता. गोळी लागली तिच्या पंजाला. ती मेली ती आधीच्या रायफलीच्या जखमांनी.

१२/ त्याच वाघिणीच्या तोंडात कॉर्बेटना आणखी एक गोष्ट आढळली. तिचे उजव्या बाजूचे सुळे तुटलेले होते, आणि ते पूर्वी कोणीतरी झाडलेल्या गोळीने तुटले होते. स्वाभाविक भक्ष्य धरता येईना, म्हणून ती माणसाकडे वळली, असे त्यांचे निदान. जंगलाच्या काठावर नेम चुकला की त्याची किंमत दुसऱ्याच कोणाला तरी, वर्षांनंतर मोजावी लागते. बंदुकीची पारख हा केवळ खरेदीदाराच्या खिशाचा प्रश्न राहत नाही, तो येथे.

१३/ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मचाणावरच्या बंदुकीभोवती नवे कुंपण घातले. अभयारण्याच्या १० किलोमीटर परिघातील परवानाधारकाने आपले शस्त्र वनखात्याकडे नोंदवायचे. त्या पट्ट्यात नव्या परवान्याला मुख्य वन्यजीव रक्षकाची संमती हवी. पांढरकवड्याजवळचे टिपेश्वर १९९७ मध्ये अभयारण्य झाले, तेव्हा आसपासच्या गावांना हा नियम लागू झाला. परवानाधारकाला आपली जुनी बंदूक विकायची तरी शस्त्र कायद्यानुसार प्रशासनाला ४५ दिवस आधी लेखी कळवावे लागते. पीक खाणाऱ्या रोह्यावर वा डुकरावर बार करायचा, तर त्यालाही स्वतंत्र परवानगी लागते.

१४/ आणि जंगल राखणाऱ्याच्या हाती काय होते? मे २०१२ मध्ये, वाघांच्या शिकारीने महाराष्ट्र हादरला असताना, शिकाऱ्यांवर गोळी झाडणाऱ्या वनकर्मचाऱ्यावर गुन्हा मानला जाणार नाही, अशी भूमिका तत्कालीन वनमंत्री पतंगराव कदम यांनी घेतली. घोषणा मोठी होती. बीटावर फिरणाऱ्या वनरक्षकाच्या हातात मात्र बहुतेकदा काठीच राहिली.

१५/ जून २०१६ मध्ये बोराटीच्या एका वृद्ध महिलेचा वाघाच्या हल्ल्यात मृत्यू झाला. ऑगस्ट २०१८ पर्यंत राळेगाव-पांढरकवडा पट्ट्यात अशा तेरा मृत्यूंचा ठपका अवनीवर आला. त्यांतले खरोखर तिचे किती, यावर वाद झाला. परंतु कापूस वेचायला जाणाऱ्या बायांची भीती त्या वादाच्या निकालासाठी थांबणारी नव्हती. ११ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वनखात्याच्या आदेशात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. आदेशाचा क्रम स्पष्ट होता : आधी बेशुद्ध करून पकडणे, ते न जमल्यास, मनुष्यहानी टाळण्यासाठी, ठार करणे.

१६/ खात्याने हैदराबादचे शिकारी शफाअत अली खान यांना पाचारण केले. त्या रात्री ते तेथे नव्हते. गोळी झाडली त्यांचे पुत्र असगर अली यांनी. वाघीण अंगावर आली, म्हणून स्वसंरक्षणार्थ बार केला, ही त्यांची बाजू. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशी समितीने शस्त्र कायद्याच्या भंगावर बोट ठेवले. पथकासोबत पशुवैद्य नव्हता, हेही नोंदवले गेले. वाघिणीच्या अंगात आढळलेल्या डार्टमधले गुंगीचे औषध २४ तासांच्या आत वापरायला हवे होते. ते ५६ तासांपूर्वी कालवलेले होते.

१७/ सर्दावलेली काळी दारू, फट पडलेला सांधा, मुदत टळलेले औषध. शंभर वर्षांच्या अंतराने हत्यार बदलले, चूक तीच राहिली : वेळ येण्याआधी करायची पारख वेळ आल्यावरही झाली नव्हती. जुनी दुनळी घेणारा शेतकरी नळी उजेडाकडे धरतो, ठसे वाचतो, सांधा हलवून पाहतो आणि परवान्यावर स्वतःचेच नाव आहे ना, हे तपासतो. कारण बार झाल्यावर जबाबदारी दुसऱ्याच्या नावावर ढकलता येत नाही, हे त्याला ठाऊक असते.

१८/ बोराटीच्या शिवारात आजही जागल चालते. पिकाला राखणदार लागतो, माणसाला संरक्षण लागते आणि जंगलाला वाघ लागतो. या तिन्ही गरजा एकाच धुऱ्यावर भेटतात. तिथे उभ्या राहणाऱ्या माणसाच्या हाती कोणते हत्यार द्यायचे, हे ठरवणे अवघड नाही. ते किती पारखून द्यायचे आणि त्याचा जाब कोणी द्यायचा, हे त्या रात्रीआधीच ठरायला हवे होते.