ऋतूंच्या मागोमाग एक जोडपें

तीर्थयात्रेस निघालेलीं जोडपीं सर्वांच्या परिचयाचीं आहेत. ऋतूचा माग काढीत निघालेलें जोडपें मात्र विरळाच. अमेरिकेंतील निसर्गलेखक एड्विन वे टील (१८९९–१९८०) व त्यांच्या पत्नी नेलीबाई ह्यांनीं हा उद्योग केला, आणि तो कोणत्या मनःस्थितींत केला हें कळल्यावांचून त्या प्रवासाचें मोल ध्यानांत यावयाचें नाहीं.

टील हे मूळचे मासिकांत नोकरी करणारे लेखक व छायाचित्रकार. किड्यामुंग्यांच्या अगदीं जवळून घेतलेल्या छायाचित्रांमुळें १९३७ सालीं त्यांचें नांव झालें व १९४१ मध्यें त्यांनीं नोकरी सोडली. वसंताचा हात धरून फ्लोरिडापासून उत्तरेकडे जावयाचें, हें ह्या पतिपत्नींचें फार दिवसांचें मनोराज्य होतें. तों महायुद्ध आलें. त्यांचा एकुलता एक मुलगा डेव्हिड १९४५ च्या मार्चांत जर्मनींत टेहळणीवर गेला असतां बेपत्ता झाला. गेला म्हणावें तर पुरावा नाहीं, आहे म्हणावें तर पत्र नाहीं, अशा स्थितींत त्या मातापित्यांनीं जवळजवळ एक वर्ष काढलें. अखेर आली ती मृत्यूचीच वार्ता.

शोकाकुल माणसें बहुधा घराचें दार लावून घेतात. ह्या दोघांनीं मोटार बाहेर काढली. १९४७ च्या फेब्रुवारींत काळ्या ब्यूइक गाडींतून तीं निघालीं व सुमारें १७,००० मैल हिंडलीं. वसंत दिवसास सरासरी पंधरा मैल उत्तरेकडे सरकतो. मोटारीला तें अंतर म्हणजे अर्ध्या तासाचें काम! म्हणून त्यांना नागमोडी फिरून, प्रसंगीं मागें वळून, ऋतूची वाट पाहावी लागे. ह्या यात्रेचा वृत्तांत १९५१ सालीं ग्रंथरूपानें निघाला.

पुढें शरद ऋतूची पाळी आली. केप कॉडच्या मोनोमॉय वाळवंटापासून, जेथें किनाऱ्यावरचे तुतवार दक्षिणेकडे जातांना उतरतात, हा २०,००० मैलांचा प्रवास सुरू झाला. तेथून किनाऱ्यानें खालीं आल्यावर केप मे लागतें. ह्या ठिकाणाची मौज अशी कीं, एका बाजूस अटलांटिक महासागर, दुसऱ्या बाजूस डेलावेअरचा उपसागर, आणि मध्यें निमुळतें होत गेलेलें भूमीचें टोंक. थंडीची लाट येऊन वायव्येचा वारा सुटला म्हणजे दक्षिणेस निघालेलीं पांखरें समुद्राकडे रेटलीं जातात. पाण्यावर जाण्यास तीं कचरतात व किनारा धरून त्या टोंकाशीं येऊन दाटतात. ससाणे व शिकऱ्याच्या जातीचे पक्षी तर डोक्यावरून ओळीनें जातात. विसाव्या शतकाच्या आरंभीं ह्याच जागीं बंदुका घेऊन शिकारी बसत व त्यांचा संहार करीत. दुर्बीण व कॅमेरा घेऊन बसणारे त्यांच्यामागून आले, आणि १९३५ सालीं तेथें पक्ष्यांस अभय मिळालें.

मग खंड ओलांडून तीं पॅसिफिकच्या तीरास लागलीं, आणि कॅलिफोर्नियांतील पॉइंट रेयीज ह्या खडकाळ भूशिरावर त्यांचा शरद संपला. उन्हाळा व हिवाळा ह्यांचेही ग्रंथ यथाकाल झाले. हिवाळ्याच्या ग्रंथास १९६६ सालीं पुलित्झर पारितोषिक लाभलें. त्यांत पत्नीचा उल्लेख केवळ सोबतीण म्हणून नाहीं. ‘आम्ही दोघांनीं पाहिलें’ हीच ह्या लेखनाची रीत आहे.

१९५९ पासून हें दांपत्य कनेक्टिकटमधील हॅम्प्टन येथें ‘ट्रेल वुड’ ह्या आपल्या शेतघरांत राहिलें. पतीच्या मागें नेलीबाई १९९३ पर्यंत हयात होत्या. तें घर व भोंवतालचें रान आतां पक्ष्यांसाठीं राखलेलें आहे. चारही ऋतूंचे ग्रंथ डेव्हिडला अर्पण केलेले आहेत.