‘झेवियर’ म्हणजे नवं घर

मुंबईत धोबी तलावाजवळ १८६९ पासून सेंट झेवियर्स कॉलेज आहे. वसईपासून गोव्यापर्यंत झेवियर नावाची माणसं गावोगाव भेटतात. हे नाव पोर्तुगीज असावं असा बहुतेकांचा समज असतो. पण ते मुळात पोर्तुगीज नाही आणि स्पॅनिशही नाही. ‘एचे’ म्हणजे घर, ‘बेर्री’ म्हणजे नवं. ‘एचे बेर्री’ हे दोन शब्द बोलता बोलता एकमेकांत मुरले आणि त्यांचा ‘शाबिएर’ झाला. पिरेनीज पर्वताच्या पश्चिम टोकाला, स्पेन आणि फ्रान्सच्या सीमेच्या दोन्ही अंगांना राहणाऱ्या बास्क लोकांची ही भाषा. बास्क माणूस आजही या नावाचा उच्चार ‘श’नंच करतो. म्हणजे गोव्यातली जुनी माणसं ‘शाव्येर’ म्हणतात, ते मुंबईच्या ‘झेवियर’पेक्षा मूळ नावाच्या कितीतरी जवळ आहे.

ज्याला गोवेकर ‘गोंयचो सायब’ म्हणतात, तो संत फ्रान्सिस झेवियर ७ एप्रिल १५०६ रोजी नाव्हारच्या राज्यात, शाबिएरच्या गढीत जन्मला. तो सहा वर्षांचा असताना कास्तीलच्या फौजांनी नाव्हार जिंकलं. १५१६ मध्ये बंडाची शिक्षा म्हणून त्याच्या घराचे बुरूज पाडण्याचा हुकूम निघाला. तेव्हा तो दहा वर्षांचा होता. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या वेढ्यात त्याचे भाऊ नाव्हारच्या बाजूनं लढत होते. किल्ल्याच्या आत, कास्तीलच्या बाजूनं लढताना तोफेच्या गोळ्यानं पाय मोडून घेणारा सरदार होता इग्नेशियस लोयोला. तोही बास्कच, गिपुस्कोआ प्रांतातल्या अस्पेइतिया गावचा. पुढे पॅरिसमध्ये हेच दोघे एका खोलीत राहिले आणि त्यांच्या मैत्रीतून जेझुइट संघ उभा राहिला.

६ मे १५४२ रोजी फ्रान्सिस गोव्यात उतरला. तिथून तो दक्षिणेकडे मोती काढणाऱ्या कोळ्यांच्या किनाऱ्यावर गेला, आणि जानेवारी १५४४ मध्ये कोचीनहून रोमला पाठवलेल्या पत्रात त्यानं आपली अडचण लिहिली. त्या लोकांना माझं कळत नाही, मला त्यांचं कळत नाही. त्यांची जन्मभाषा मलबारी आणि माझी बास्क, असा त्याचा आशय. लॅटिन, स्पॅनिश, पोर्तुगीज आणि फ्रेंच जाणणारा हा माणूस परक्या किनाऱ्यावर ‘माझी भाषा’ म्हणताना बास्कचं नाव घेतो. त्या दिवशी या भाषेत छापलेलं एकही पुस्तक जगात नव्हतं.

ते दुसऱ्याच वर्षी आलं. १५४५ मध्ये बोर्दोला बेर्नात एचेपारे नावाच्या खेड्यातल्या पाद्र्याचा कवितासंग्रह छापला गेला. नाव लॅटिन होतं, ‘बास्क भाषेची पहिली फळं’ अशा अर्थाचं, पण आतला मजकूर सगळा बास्क. त्यात त्यानं आपल्या भाषेला उंबऱ्याबाहेर पडून लोकांत येण्याचं आवाहन केलं. त्याच्या स्वतःच्या आडनावातही ‘एचे’ आहे. या भाषेचा पुढचा पावणेपाचशे वर्षांचा इतिहास म्हणजे हा उंबरा ओलांडायची धडपड आहे, असं म्हटलं तर वावगं होणार नाही.

बास्क माणसाच्या जगण्यात घराला किती वजन होतं, हे आडनावांवरून दिसतं. एचेबेर्रिया म्हणजे नवघरे. गोइकोएचेआ म्हणजे वरच्या घरचे. एलिसोन्दो म्हणजे देवळाशेजारचे. दक्षिण अमेरिकेचा मुक्तिदाता सिमोन बोलिव्हार याचे पूर्वज बिस्काय प्रांतातल्या बोलिबार गावचे. ‘बोलु’ म्हणजे गिरणी आणि ‘इबार’ म्हणजे दरी. डोंगरउतारावरच्या शेतघराला ‘बासेर्री’ म्हणतात. खाली गुरं, वर माणसं, माळ्यावर गवत. प्रत्येक बासेर्रीला स्वतःचं नाव, आणि त्यात राहणारी माणसं गावात त्याच नावानं ओळखली जात. घराचे वाटे पडत नसत. आईबाप एक वारस निवडत आणि अनेक दऱ्यांमध्ये तो मुलगा असो की मुलगी, फरक केला जात नसे. उरलेली भावंडं हुंडा किंवा रोख घेऊन बाहेर पडत. कुणी पाद्री होई, कुणी अमेरिकेत मेंढ्या राखायला जाई, कुणी व्हेलच्या शिकारीला. सोळाव्या शतकात हे दर्यावर्दी थेट कॅनडाच्या लाब्राडोर किनाऱ्यापर्यंत जाऊन व्हेलची चरबी कढवत होते. १५२२ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतलेल्या जहाजाचा कप्तान एल्कानो हा गेतारियाचा बास्कच.

घराची मालकीण म्हणजे ‘एचेकोआन्द्रे’. तिच्याकडे फक्त चूल नव्हती, घराचे मृतही तिच्याकडे होते. चर्चच्या जमिनीत प्रत्येक घराची दफनाची जागा ठरलेली असे. पुढे चर्चमध्ये पुरणं बंद झालं, तरी ती जागा त्या घराचीच राहिली. एचेकोआन्द्रे तिथे बसून ‘अर्गिसाइओला’ पेटवायची. ही हातभर लांबीची लाकडी फळी, बरेचदा माणसाच्या आकाराची, वर चक्र आणि फुलांचं कोरीव काम. फळीच्या कमरेला दोऱ्यासारखी बारीक, लांबच लांब मेणवात गुंडाळलेली. एक टोक सोडवून उभं करायचं, पेटवायचं. ते जळत आलं की आणखी थोडी वात उलगडायची. गिपुस्कोआतल्या अमेस्केता गावच्या चर्चमध्ये ही प्रथा अजून टिकून आहे. घराच्या दारावर ‘एगुस्किलोरे’, म्हणजे सूर्यफूल म्हणावं असं वाळवलेलं मोठं काटेरी फूल, ठोकलेलं दिसतं. रात्री येणाऱ्या भुताखेतांना त्याचे केसर मोजल्याशिवाय आत जाता येत नाही आणि मोजता मोजता उजाडतं, अशी समजूत आहे.

भाषा राहिली ती या घरांमध्ये. तिचं नाव एउस्कारा. जगातल्या कुठल्याही जिवंत भाषेशी तिचं नातं सिद्ध झालेलं नाही. रोमन काळातल्या लॅटिन शिलालेखांत, आजच्या नैर्ऋत्य फ्रान्समध्ये, ‘अन्देरे’, ‘किसोन’, ‘नेस्कातो’ अशी नावं कोरलेली सापडली आहेत. आजच्या बास्कमध्ये ‘आन्द्रे’ म्हणजे बाई, ‘गिसोन’ म्हणजे पुरुष, ‘नेस्कातो’ म्हणजे मुलगी. आजूबाजूच्या भाषा लॅटिननं पुसून टाकल्या, ही मात्र राहिली.

नातं नसलं तरी मराठी वाचकाला तिच्यात काही खुणा ओळखीच्या वाटतील. घर ‘एचे’, घरात ‘एचेआन’, घराकडे ‘एचेरा’, घरातून ‘एचेतिक’, घरचा ‘एचेको’: प्रत्यय शब्दाच्या शेपटाला, आपल्यासारखे. ‘मुलगा आला’ आणि ‘मुलानं भाकरी खाल्ली’ यांत आपण कर्त्याला जो ‘नं’ लावतो, तसा ‘क’ बास्क लावते. ‘मुतिला एतोर्री दा’, मुलगा आला; ‘मुतिलाक ओगिआ यान दु’, मुलानं पाव खाल्ला. फरक इतकाच की आपण हे भूतकाळातल्या क्रियेपुरतं करतो, बास्क प्रत्येक काळात करते. आणि मोजणी विसाची. चाळीस म्हणजे ‘दोन वीस’, साठ म्हणजे ‘तीन वीस’. विसाच्या हिशेबानं मोजणारी आजी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

या लोकांनी स्वतःला दिलेलं नाव तर याहून बोलकं आहे. बास्क माणूस स्वतःला ‘एउस्काल्दुन’ म्हणतो, म्हणजे ‘ज्याच्याकडे एउस्कारा आहे तो’. रक्त, धर्म, राज्य यांतलं काहीच या शब्दात नाही. मोठेपणी भाषा शिकलेल्यालाही हेच नाव मिळतं, फक्त पुढे ‘बेर्री’ लागतं: एउस्काल्दुन बेर्री, नवा. झेवियरच्या नावातला तोच ‘नवा’.

ज्याचं नावच भाषेवर उभं आहे, त्याला शाळेत भाषेबद्दलच शिक्षा झाली. अठराव्या शतकापासून विसाव्या शतकापर्यंत बास्क गावांतल्या शाळांत एक अंगठी फिरत असे. फ्रान्सच्या बाजूला कुठे ती काठी असे. बास्क शब्द तोंडातून गेला की अंगठी त्या मुलाच्या हातात यायची. ती काढून टाकायची तर दुसऱ्या कुणाला तरी बास्क बोलताना पकडायचं आणि त्याच्या हातात द्यायची. आठवड्याच्या शेवटी ज्याच्याकडे अंगठी उरे, त्याला मार. पाळत ठेवायचं काम मुलांनाच देणारी ही रीत अतिशय क्रूर होती. त्या मुलांनी पुढे आपल्या लेकरांशी घरातही ही भाषा बोलणं सोडलं असेल, तर दोष त्यांचा नाही.

ऑक्टोबर १९३६ मध्ये, स्पेनच्या यादवीत, बास्क प्रांतांना स्वायत्तता मिळाली. २६ एप्रिल १९३७ रोजी, सोमवारच्या बाजाराच्या दिवशी, जर्मन आणि इटालियन विमानांनी गेर्निका हे बास्क गाव जाळलं. यादवीत जनरल फ्रँको जिंकला, आणि शाळा, कचेरी, छापखाना यांतून बास्क हद्दपार झाली. बाळाचं बास्क नाव सरकारी नोंदवहीत घालता येईना. थडग्यांवरची बास्क नावंही पुसायला लावली गेली.

अशा वेळी भाषा परत घरात शिरली, पण या वेळी वर्ग भरवायला. एल्बिरा सिपित्रिया ही १९०६ साली जन्मलेली शिक्षिका. यादवीनंतर ती फ्रान्समध्ये परागंदा झाली होती. परत आल्यावर, चाळीसच्या दशकात, तिनं सान सेबास्तियनमध्ये लोकांच्या घरी मूठभर मुलं जमवून त्यांना बास्कमधून शिकवायला सुरुवात केली. परवानगी नव्हती, फलक नव्हता. तिनं आपल्यासारख्या इतर तरुण शिक्षिकाही घडवल्या. अशा शाळेला ‘इकास्तोला’ म्हणतात. ‘इकासि’ म्हणजे शिकणं, आणि ‘ओला’ म्हणजे कामाची जागा. बास्क लोक लोखंडाच्या भट्टीलाही हाच ‘ओला’ लावतात. साठच्या दशकात आईबापांच्या वर्गणीतून इकास्तोला वाढत गेल्या. १९६९ मध्ये फ्रान्सच्या बाजूलाही पहिली सुरू झाली.

पुस्तकं छापायची तर लिहायचं कुठल्या बास्कमध्ये, हा प्रश्न होताच. एका दरीची बोली दुसऱ्या दरीत अडखळत समजे. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या बास्क भाषा अकादमीनं १९६८ च्या ऑक्टोबरात अरान्त्सासुच्या डोंगरातल्या मठात बैठक बोलावली. मुख्य अहवाल कोल्दो मिचेलेनाचा होता. यादवीत फ्रँकोच्या कोर्टानं त्याला फाशी सुनावली होती. ती रद्द झाली, पण तुरुंगात वर्षं गेली. तोच पुढे बास्क भाषाशास्त्राचा सर्वांत मोठा अभ्यासक ठरला. त्या बैठकीतून ‘बातुआ’, म्हणजे एकत्रित, प्रमाण बास्क आली. ‘ह’ हे अक्षर लिहायचं की नाही यावर पुढची कित्येक वर्षं कडाक्याची भांडणं झाली. उत्तरेकडचे लोक ते उच्चारतात, दक्षिणेकडचे नाही. आज मात्र शाळा, वर्तमानपत्रं आणि दूरचित्रवाणी बातुआवरच चालतात.

बाहेरच्या जगाला या काळात बास्क हे नाव बहुधा ‘एता’ संघटनेच्या बाँबस्फोटांमुळे कळलं. तिनं आठशेहून अधिक माणसं मारली आणि २०१८ मध्ये ती बरखास्त झाली. भाषा वाढली ती त्या वाटेनं नव्हे. ती वाढली वर्गणीनं, रात्रशाळांनी आणि फ्रँकोनंतर १९७९ मध्ये आलेल्या स्वायत्ततेनं. प्रौढांना भाषा शिकवणाऱ्या संघटनेनं १९८० मध्ये ‘कोर्रिका’ ही दौड सुरू केली. पहिली ओन्याती ते बिल्बाओ, दिवसरात्र न थांबता, हातात एक दांडा घेऊन. साधारण दर दोन वर्षांनी ती होते आणि आता ती दोन हजार किलोमीटरहून लांब असते. प्रत्येक किलोमीटर कुणीतरी पैसे देऊन आपल्या नावावर घेतं: शाळा, दुकान, गावकऱ्यांचा गट. शीघ्रकवींचंही तसंच. ‘बेर्त्सोलारी’ दिलेल्या विषयावर जागच्या जागी, वृत्तात, गाऊन रचना करतात. दर चार वर्षांनी होणाऱ्या त्यांच्या अंतिम फेरीला हजारो लोक दिवसभर बसून असतात. २००९ मध्ये मायालेन लुहान्बियो ही ती जिंकणारी पहिली बाई ठरली.

स्पेनमधल्या बास्क स्वायत्त प्रदेशात १९९१ साली १६ ते २४ वयोगटातल्या चार तरुणांपैकी एकाला बास्क येत होती. २०२१ मध्ये चारांपैकी तिघांना येत होती. मरू घातलेली भाषा इतक्या थोड्या वर्षांत तरुणांमध्ये अशी परत आल्याची उदाहरणं फार थोडी आहेत. पण येणं वेगळं आणि बोलणं वेगळं. सगळ्या बास्क प्रदेशातल्या रस्त्यांवर उभं राहून, येणाजाणाऱ्यांचं संभाषण ऐकून मोजणी केली जाते. २०२१ च्या मोजणीत साधारण नऊपैकी एक संभाषण बास्कमध्ये सापडलं. शाळेत शिकलेली मुलं मधल्या सुट्टीत स्पॅनिशकडे वळतात. फ्रान्सच्या बाजूला तर या भाषेला राजभाषेचा दर्जा आजही नाही.

भाषा येऊनही न बोलण्याच्या अडचणीवर २०१८ मध्ये एक साधा उपाय योजला गेला. अकरा दिवस लोकांनी छातीवर बिल्ला लावायचा. एका बिल्ल्यावर लिहिलेलं असतं ‘अहोबिसी’, जिवंत तोंड. हा माणूस ज्याला बास्क कळते त्या प्रत्येकाशी बास्कच बोलणार. दुसऱ्यावर ‘बेलार्रिप्रेस्त’, तयार कान. याला कदाचित नीट बोलता येत नसेल, पण कळतं, तेव्हा बास्कमध्ये खुशाल बोला. पहिल्याच वर्षी दोन लाखांहून अधिक लोकांनी आपली नावं नोंदवून बिल्ले लावले.