दारावरची बेल : तारेची आणि बिनतारी (भिवंडीतील घरांच्या संदर्भात)

दारावरची बेल : बाहेर आलेल्या माणसाची वर्दी घरात देणारे विजेचे उपकरण. चौकटीवरचे बटण आणि आत वाजणारी पेटी हे तिचे दोन भाग. हे दोन्ही तारेने जोडलेले असले तर ती तारेची बेल, बटणाचा संदेश रेडिओलहरींनी जात असला तर बिनतारी. विद्युतचुंबकाच्या साहाय्याने दुरून घंटा वाजवण्याचा प्रयोग अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ हेन्री यांनी १८३१ च्या सुमारास केला.

सर्वांच्या ओळखीची ‘टिंग-टाँग’ ही तारेची बेल. बटण दाबताच कॉइलमधून वीज वाहते, कॉइल आतला लोखंडी दांडा खेचून घेते आणि दांडा एका पट्टीवर आपटतो. बोट काढले की स्प्रिंग त्याला मागे लोटते व दुसरी पट्टी वाजते. अमेरिकेत अशा बेलला ट्रान्सफॉर्मर लावून साधारण १६ व्होल्ट देतात. आपल्याकडे ती बहुधा थेट २३० व्होल्टवर चालते, म्हणजे दाराबाहेरच्या बटणातही तीच वीज असते. कोकणपट्टीच्या पावसात दारालगतची भिंत ओलावते, त्यामुळे या बटणावर पत्रा किंवा सज्जा हवा आणि घरात ३० मिलिअँपिअरचा गळती-संरक्षक स्विच हवा. बटण फेजच्या तारेत घालायचे असते. घाईत ते न्यूट्रलमध्ये घातले तरी बेल वाजते आणि काम नीट झाले असे वाटते, पण पेटी न वाजतानाही जिवंत राहते. वायरमनला हे समोर उभे राहून विचारावे. बटण आत अडकून राहिले तर कॉइल तापून जळते, हा या बेलचा नेहमीचा बिघाड.

बिनतारी बेलच्या बटणात छोटी बॅटरी असते. बाजारातले बरेच संच ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास काम करतात. पेटी सॉकेटमध्ये खोचायची किंवा सेलवर चालवायची. खोक्यावरचा १०० मीटरचा पल्ला मोकळ्या मैदानातला असतो, दोन-तीन भिंती आणि सळ्यांचा स्लॅब आड आला की तो बराच घटतो. बटण लोखंडी फाटकावर चिकटवले तर आणखी घटतो. बॅटरी उतरत आली की कधी बटणाचा दिवा लागतो, पण संदेश आत पोचत नाही. पाहुणा बाहेर ताटकळतो आणि घरच्यांना पत्ताच नसतो. काही बटणांत चपटा लिथियम सेल असतो. मुलाने तो गिळला तर अन्ननलिका काही तासांत भाजते, म्हणून सेलचे झाकण स्क्रूने बंद होणारे घ्यावे. दाबण्याच्या जोरावरच वीज निर्माण करणारी, बॅटरी न लागणारी बटणेही मिळतात.

भिवंडीत या निवडीला एक खास बाजू आहे, ती आवाजाची. गाव यंत्रमागांचे आहे. धोट्याच्या मागांच्या शेडमध्ये आवाज सहज ९० डेसिबलच्या वर जातो आणि अनेक वस्त्यांत राहत्या खोल्या कारखान्याला लागूनच आहेत. वर्षानुवर्षे मागावर उभ्या राहिलेल्या कारागिराचे कान आधी उंच पट्टीच्या, ४००० हर्ट्झच्या आसपासच्या आवाजांना मंदावतात. इलेक्ट्रॉनिक बेलची चिवचिवती धून नेमकी तिथे निसटू शकते, धातूच्या पट्टीचा खालच्या पट्टीतला ठोका मात्र त्याला ऐकू येण्याची शक्यता जास्त. ज्याच्यासाठी तोही पुरत नाही, त्याच्यासाठी दिवा लुकलुकणारी बिनतारी पेटी उत्तम. रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्याच्या घरीही बिनतारीचीच सोय मोठी : आवाज कमी करता येतो, पेटी स्वयंपाकघरात हलवता येते. मागांजवळच्या घरात उघड्या पेटीवर कापसाचे तंतू बसतात, तेव्हा तारेच्या बेलचे झाकण मधूनमधून उघडून दांडा कोरड्या ब्रशने झाडावा. त्याआधी मेन स्विच बंद करावा.

विजेचा प्रश्नही येतो. २६ जानेवारी २००७ पासून भिवंडीतील वीजवितरण महावितरणच्या वतीने टोरंट पॉवर ही खासगी कंपनी सांभाळते. तरी वीज जातेच, आणि इन्व्हर्टरच्या लाइनवर नसलेली तारेची बेल तेव्हा मुकी होते. नवीन वायरिंगमध्ये बेलचा पॉइंट इन्व्हर्टरवर घ्यायला सांगावे. सॉकेटमधली बिनतारी पेटीही अशीच बंद पडते, सेलवरची चालू राहते.

दाराबाहेरचे चित्र मोबाइलवर दाखवणाऱ्या कॅमेऱ्याच्या बेलला वाय-फाय लागते आणि दारापर्यंत त्याचा जोर पोचतो का, हे आधी मोबाइलने पाहावे. समोरच्या शेजाऱ्याचे दार सतत चित्रित होणार नाही असा कोन ठेवणे हे चाळीत आणि अरुंद मजल्यावर अत्यावश्यक आहे.

भाड्याच्या खोलीत किंवा जुन्या चाळीत भिंत फोडू नये, बिनतारी लावावी. भिवंडीलगतच्या काल्हेर-कशेळीकडच्या अंगणवाल्या घरात फाटकापासून ओटीपर्यंत तार ओढण्यापेक्षाही बिनतारीच बरी. घर बांधत असाल किंवा गिलावा व्हायचा असेल, तर तारेची नळी आत्ताच टाकून घ्या. खर्च थोडा येतो आणि टिकाऊपणात तारेच्या बेलला तोड नाही. घरात मागावर आयुष्य काढलेले वडीलधारे असतील, तर त्यांना दुकानात सोबत न्या, बेल वाजवून दाखवा आणि त्यांना ऐकू येईल तीच घ्या.