सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड खरंच बिघडलंय का? परत करायला धावण्याआधी हे तपासा

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड घेतलं, मांडव्याची लाँच पकडून अलिबागला घरी आणलं आणि पीसीला लावलं. पंखे फिरतायत, पण स्क्रीन काळीच. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणतो, "इथे तर चालत होतं."

तो खोटंच बोलत असेल असं नाही. काळी स्क्रीन म्हणजे मेलेलं कार्ड, असा थेट अर्थ निघत नाही. पण दोष खरंच कार्डात असेल, तर परत करायची मुदत संपण्याआधी ते कळायला हवं. पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँच बंद असतात, तेव्हा मुंबईची एक फेरी म्हणजे जवळपास अख्खा दिवस जातो. म्हणून तपासणी क्रमाने करा. सोप्या आणि फुकट गोष्टी आधी, कार्डावर आरोप शेवटी.

बाजारात इतकी जुनी कार्डं आली कुठून?

काही वर्षांपूर्वी इथेरियम हे आभासी चलन ग्राफिक्स कार्डांवर 'माइन' केलं जायचं. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने आपली पद्धत बदलली आणि हे काम एका दिवसात बंद झालं. जगभरातल्या माइनिंगवाल्यांनी आपली कार्डं विकायला काढली. त्यातली बरीच अजून हातोहात फिरतायत.

माइनिंगचं कार्ड म्हणजे वाईटच, असं नसतं. सतत एकाच तापमानावर चाललेल्या कार्डाची चिप अनेकदा ठणठणीत असते. झिजतात ते पंखे, वाळते ती थर्मल पेस्ट आणि ताण येतो तो मेमरीवर. शिवाय आरएक्स ४७०, ५७०, ५८० अशा कार्डांचं बायोस माइनिंगसाठी बदललेलं असू शकतं. असं कार्ड डेस्कटॉपवर नीट चालतं आणि गेम लावला की क्रॅश होतं. काही कार्डांवर दोन बायोस असतात. कडेला छोटं बटण असेल तर पीसी बंद करून ते दुसऱ्या बाजूला सरकवून पाहा.

स्क्रीन काळी असेल तर

१. मॉनिटरची केबल कार्डालाच लावली आहे ना, ते पाहा. सवयीने ती मदरबोर्डच्या पोर्टला लावणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे.

२. पीसी बंद करा, वायर काढा, कार्ड काढून पुन्हा 'टक' आवाज येईपर्यंत बसवा. दुसरी केबल आणि कार्डाचं दुसरं पोर्टही वापरून पाहा.

३. एसएमपीएसमधून येणारी पॉवर केबल लावली आहे का? स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. सहा पिनांच्या जोडणीतून आणखी ७५ आणि आठ पिनांच्या जोडणीतून १५० वॅट मिळतात. एकट्या आरएक्स ५८० ला सुमारे १८५ वॅट लागतात. कॅबिनेटसोबत फुकट आलेला एसएमपीएस इथेच मान टाकतो.

४. मदरबोर्ड जुना असेल तर त्याचं बायोस अपडेट करून पाहा.

चित्र येतं, पण नंतर गडबड होते?

*ड्रायव्हर टाकताना स्क्रीन जाते किंवा 'कोड ४३' दिसतो:* सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयू या मोफत प्रोग्रॅमने जुना ड्रायव्हर पूर्ण काढा. मग कंपनीच्या साइटवरून नवा टाका. तरीही कोड ४३ राहिला, तर कार्डाचं बायोस बदललेलं असण्याची किंवा हार्डवेअरमध्येच दोष असण्याची शक्यता मोठी.

*गेममध्ये अख्खा पीसी बंद पडतो किंवा रीस्टार्ट होतो:* पहिला संशय एसएमपीएसवर घ्या.

*फक्त चित्र जातं, पंखे जोरात फिरू लागतात, आवाज मात्र चालू राहतो:* संशय कार्डावर.

*रंगीत ठिपके, चौकटी, रेघा दिसतात:* त्या केव्हा दिसतात ते महत्त्वाचं. विंडोज सुरू होण्याआधी, बायोसच्या स्क्रीनवरच दिसत असतील आणि केबल-मॉनिटर बदलूनही जात नसतील, तर कार्डाची मेमरी किंवा चिप गेलेली असते. ड्रायव्हरने ते सुटत नाही. फक्त गेममध्ये दिसत असतील तर आफ्टरबर्नरमध्ये मेमरीचा वेग १००-२०० मेगाहर्ट्झने कमी करा. ठिपके गेले तर मेमरी कमकुवत झाली आहे असं समजा.

दहा मिनिटांची परीक्षा

जीपीयू-झेड उघडा आणि कार्डाचं नाव, मेमरी आणि शेडर्सची संख्या कंपनीच्या आकड्यांशी जुळते का पाहा. खऱ्या आरएक्स ५८० मध्ये २३०४ शेडर्स असतात. २०४८ दिसले तर ते हलकं मॉडेल आहे. जुन्या कार्डावर खोटं बायोस टाकून ते 'जीटीएक्स १०५० टीआय' म्हणून विकण्याचे प्रकारही झाले आहेत. २०१८ पासून जीपीयू-झेड एनव्हीडियाची अशी बनावट कार्डं ओळखून नावाआधी 'फेक' लिहितं.

मग फरमार्क दहा मिनिटं चालवा आणि तापमान पाहा. बहुतेक कार्डं ६५ ते ८५ अंशांत स्थिरावतात. तापमान झपाट्याने नव्वदीकडे गेलं तर पेस्ट वाळली आहे किंवा पंखा थकला आहे. हा दुरुस्त होणारा दोष आहे, त्यासाठी भाव कमी करून घ्या. शेवटी ओसीसीटीमधली मेमरीची चाचणी लावा. तिथे एकही एरर चालत नाही.

समुद्राकाठची खास तपासणी

किनाऱ्यावरच्या हवेत मीठ असतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून ओलं होतं. पावसाळ्यात अलिबागची हवा बहुतेक वेळ याहून दमट असते. कार्डावर बसलेली खारट धूळ अशी ओली झाली की तिच्यातून वीज वाहू शकते आणि धातू गंजतो. रोज चालणारा पीसी आतून गरम आणि कोरडा राहतो. बंद बंगल्यात पावसाळाभर पडलेल्या पीसीमधलं कार्ड जास्त धोक्याचं.

म्हणून कार्ड हातात घेतल्यावर टॉर्च मारून पाहा. मागच्या पट्टीवर आणि स्क्रूवर गंज आहे का? पोर्टमध्ये पांढरी पूड आहे का? चिपच्या कडेला हिरवट डाग आहेत का? पट्टीवरचा हलका गंज चालेल. हिरवे डाग दिसले तर कार्ड घेऊ नका. सोनेरी संपर्कपट्टी खोडरबराने घासायची सवय सोडा, वरचा मुलामा पातळ असतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापड वापरा आणि पूर्ण सुकल्यावरच कार्ड लावा.

शेवटचा निकाल

कार्ड मित्राच्या चालू पीसीमध्ये लावा आणि त्याचं कार्ड तुमच्या पीसीमध्ये. दोष कार्डाबरोबर गेला तर दोष कार्डाचा. तो तुमच्याच पीसीत राहिला तर कार्ड निर्दोष. दोन्ही वेळा व्हिडिओ काढा, दुकानदाराशी बोलताना तो कामी येतो.

मेलेलं कार्ड ओव्हनमध्ये 'भाजून' जिवंत करण्याचे व्हिडिओ दिसतील. तसं चाललंच तर ते तात्पुरतं असतं, आणि विषारी वाफा तुमच्या स्वयंपाकघरात राहतात. पंखा, पेस्ट किंवा पॉवरचा भाग गेला असेल तर दुरुस्ती परवडते. मुख्य चिप गेली असेल तर सहसा परवडत नाही.

पैसे देण्याआधी

दुकानातून घेताना बिलावर सीरियल नंबर आणि किती दिवसांची टेस्टिंग वॉरंटी आहे ते लिहून घ्या. दुकानदाराने बिलावरचा शब्द पाळला नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. ऑनलाइन अनोळखी माणसाकडून घेत असाल तर व्हिडिओ कॉलवर फरमार्क चालवायला सांगा, शेजारी नोटपॅडमध्ये तुमचं नाव आणि आजची तारीख लिहायला लावा. अ‍ॅडव्हान्स घेऊन विक्रेता गायब झाला, तर लगेच १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त.