आत्याची तहान

परवा माळा आवरताना एक पिवळी पडलेली झेरॉक्स सापडली. 'रोज पहाटे सहा ग्लास पाणी, सर्व रोग पळतील.' आणि कोपरीतलं आमचं जुनं घर आठवलं.

आत्याने हा प्रयोग १९९४ मध्ये सुरू केला. पहाटेचं पाणी हळूहळू दिवसभराचं झालं. तांब्या खाली ठेवला की तिला चैन पडायचं नाही, रात्री उठून माठाशी जायची. आम्ही कौतुकच करायचो. पाण्याने कधी कुणाचं वाईट झालंय? मग एका सकाळी ती असंबद्ध बोलू लागली, उलट्या झाल्या आणि फिट आली. रक्तातलं सोडियम ११६ भरलं. ते १३५ ते १४५ असावं लागतं, हे आम्हाला तेव्हा कळलं.

निरोगी मूत्रपिंडं तासाला साधारण एक लिटरपर्यंतच पाणी बाहेर टाकू शकतात. त्याहून जास्त पाणी जात राहिलं की रक्तातलं सोडियम उतरतं आणि पाणी पेशींत शिरतं. मेंदू सुजतो, आणि त्याला कवटीत पसरायला जागाच नसते.

हे शहाणपण नवं नाही बरं का! ग्रीष्म आणि शरद सोडले तर निरोगी माणसानेही पाणी बेताने प्यावं, असं वाग्भटाने अष्टांगहृदयात सांगून ठेवलंय. १९२३ मध्ये अमेरिकेत लिओनार्ड राउंट्री यांनी प्राण्यांवर प्रयोग करून 'पाण्याची विषबाधा' शास्त्रीय भाषेत मांडली. १९४५ मध्ये तिथल्याच अन्न व पोषण मंडळाने रोज अडीच लिटर पाणी सुचवलं, पण त्यातलं बरंचसं अन्नातूनच मिळतं, असंही लगेच लिहिलं. लोकांनी पहिलं वाक्य उचललं, दुसरं विसरले. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये रक्त तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांचं सोडियम कमी निघालं!

डॉक्टरांनी आत्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यायला सांगितलं, तेव्हा घरात कुणी बोलेना. रुळांच्या पलीकडे, ठाणे पश्चिमेला, १९०१ सालचं मनोरुग्णालय. 'याला ठाण्याला भरती करा' हा विनोद आम्हीच किती वेळा केलेला. अशी अनावर तहान स्किझोफ्रेनियासारख्या आजारांत दिसते आणि मनोविकारतज्ज्ञांना ती जुनी ओळखीची आहे, हे डॉक्टरांनी समजावलं. तरी लोक काय म्हणतील म्हणून आम्ही तीन महिने घालवले. दुसरी फिट आली, तेव्हा गेलो.

औषधं सुरू झाली. रोज सकाळ-संध्याकाळ वजन करायचं, संध्याकाळी ते फार वाढलेलं दिसलं तर पाणी जास्त झालं असं समजायचं. काट्यावर उभी राहून आत्या म्हणायची, "बघ रे, आज किती प्यायले?" हळूहळू सावरली ती.

असो. घरात कुणाची तहान भागतच नसेल तर कौतुक करत बसू नका. साखर तपासा, सोडियमही तपासा. आणि मनाच्या डॉक्टरांकडे जा म्हटलं तर लगेच जा. ते तीन महिने मला अजून टोचतात.