निळे आकाश आणि राहून गेलेले रुग्ण

२०२० ची टाळेबंदी म्हटली की लोक निळ्या आकाशाची आठवण काढतात. ते आकाश खरेच होते. २५ मार्चपासून देशभरची वाहने, कारखाने थांबले आणि एप्रिलच्या आरंभीच जालंधरच्या गच्च्यांवरून धौलाधारची हिमशिखरे दिसू लागली. वाहनांच्या धुरातला नायट्रोजन डायऑक्साइड शहरोशहरी झपाट्याने उतरला. (ओझोन मात्र काही ठिकाणी वाढला, हे फारसे कोणी सांगत नाही.)

तरीही त्या वर्षाला छातीच्या आरोग्याचे वर्ष म्हणायला माझे मन धजत नाही. २०१९ मध्ये देशात क्षयाचे सुमारे २४ लाख रुग्ण नोंदले गेले. २०२० मध्ये १८ लाख. रोग हटला नव्हता, रुग्णच दवाखान्यापर्यंत पोचला नव्हता. बस बंद, तपासणीची यंत्रे कोविडच्या कामाला जुंपलेली, आणि खोकणाऱ्याकडे शेजारी संशयाने बघणार. आपल्या सीमाभागातून मिरजेच्या डॉक्टरांकडे जायचे तर राज्याच्या नाक्यावर पास हवा. मग तो घरातच राहिला. दार लावून, मुलाबाळांसह, कुठे चुलीच्या धुरात. क्षय तर बंद खोलीतल्या हवेतूनच पसरतो!

नोव्हेंबरात दिल्लीचे आकाश पुन्हा काळवंडले. क्षयाची नोंद पूर्ववत २४ लाखांवर यायला मात्र २०२२ साल उजाडावे लागले.