अभिजात मोटारींतील इंधनपुरवठ्याचे दोषनिदान

अभिजात मोटारींतील इंधनपुरवठ्याचे दोषनिदान म्हणजे कार्ब्युरेटर असलेल्या जुन्या मोटारीत टाकीपासून इंजिनापर्यंतच्या मार्गात पेट्रोल नेमके कोठे अडते, कोठे गळते किंवा कोठे प्रमाणाबाहेर जाते, हे क्रमवार चाचण्यांनी शोधण्याची पद्धत होय. अशा मोटारींत संगणक नसतो आणि दोष दर्शविणारे दिवेही नसतात. एकच लक्षण अनेक कारणांमुळे उद्भवत असल्याने केवळ लक्षणावरून भाग बदलल्यास खर्च होतो, पण दोष राहून जातो. म्हणून पुरवठ्याच्या मार्गाचे टप्पे पाडून प्रत्येक टप्पा स्वतंत्रपणे तपासणे हे या पद्धतीचे मूळ सूत्र आहे. महाराष्ट्रात अशा मोटारींचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे प्रीमियर पद्मिनी.

== पार्श्वभूमी ==
वालचंद हिराचंद यांनी इ.स. १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्स या कंपनीने मुंबईतील कुर्ला येथे इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्याने मोटारी तयार केल्या. १९६४ पासून येथे बनू लागलेली फियाट ११०० डिलाइट ही मोटार १९७० च्या दशकात ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने ओळखली जाऊ लागली. चार सिलिंडरांचे १,०८९ घनसेंटिमीटर क्षमतेचे पेट्रोल इंजिन हे तिचे वैशिष्ट्य होते. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती अनेक दशके धावली. या प्रकारची शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली. टॅक्सींसाठीची वीस वर्षांची वयोमर्यादा संपल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. खासगी मालकांकडील काही पद्मिनी मोटारी मात्र अद्याप वापरात आहेत.

== यंत्रणेची रचना ==
टाकीतील पेट्रोल धातूच्या नळीतून व रबरी जोडनळ्यांतून इंजिनाजवळच्या यांत्रिक इंधनपंपापर्यंत येते. हा पंप इंजिनाच्या कॅमशाफ्टच्या फिरण्यावर चालतो. त्यातील लवचिक पडदा, म्हणजे डायफ्रॅम, खाली-वर होऊन पेट्रोल ओढतो व पुढे ढकलतो. गॅरेजमध्ये या पंपाला ‘एसी पंप’ असेही म्हणतात. पुढे पेट्रोल कार्ब्युरेटरच्या वाटीत येते. वाटीतील तरंगक, म्हणजे फ्लोट, विशिष्ट पातळीला वर उचलला गेला की सुईसारखी झडप बंद होते आणि पुरवठा थांबतो. वाटीतील पेट्रोल जेटच्या सूक्ष्म छिद्रांतून हवेच्या प्रवाहात मिसळते.

निदानाच्या दृष्टीने या मार्गाचे तीन भाग पडतात: टाकी ते पंप हा ओढीचा भाग, पंप ते कार्ब्युरेटर हा दाबाचा भाग आणि कार्ब्युरेटरच्या आतील भाग.

== ठिणगी की इंधन ==
इंजिन बंद पडल्यास दोष इंधनाचा आहे की ठिणगीचा, हे प्रथम ठरवावे लागते. गरम झाल्यावर बंद पडणारी आणि थंड झाल्यावर पुन्हा सुरू होणारी मोटार ‘पेट्रोल घेत नाही’ असे सर्रास समजले जाते. परंतु डिस्ट्रिब्युटरमधील कंडेन्सर किंवा इग्निशन कॉइल उष्णतेने निकामी होऊ लागल्यासही हेच लक्षण दिसते. त्यामुळे मोटार बंद पडल्याबरोबर, ती थंड होण्यापूर्वीच, ठिणगी तपासणे आवश्यक असते. प्लग व त्याची वायर इंधनाच्या वाफांपासून दूर ठेवून ही तपासणी केली जाते. ठिणगी जोमदार व निळसर असेल तरच इंधनमार्गाकडे वळावे.

त्यानंतर हवा गाळणी काढून, इंजिन बंद असताना, कार्ब्युरेटरच्या तोंडातून आत पाहत अ‍ॅक्सिलरेटरची दांडी हलविली जाते. आत पेट्रोलची बारीक धार दिसल्यास वाटीत पेट्रोल आहे असा अर्थ होतो. धार न दिसल्यास वाटी रिकामी असते किंवा कार्ब्युरेटरमधील प्रवेगक पंप नादुरुस्त असतो.

== पंपाची चाचणी ==
इग्निशनची वायर काढून ठिणगी पूर्णपणे बंद केल्यावर कार्ब्युरेटरकडे जाणारी नळी सोडवून ती योग्य भांड्यात धरली जाते आणि स्टार्टरने इंजिन काही क्षण फिरविले जाते. पेट्रोल ठोक्याठोक्याने जोरात बाहेर पडल्यास पंपापर्यंतचा मार्ग बहुधा ठीक असतो व दोष कार्ब्युरेटरमध्ये शोधावा लागतो. धार क्षीण असल्यास किंवा तिच्यात बुडबुडे असल्यास दोष पंपात अथवा त्याच्या मागे असतो.

या दोहोंपैकी नेमका कोणता, हे ठरविण्यासाठी पंपाच्या आत येणाऱ्या तोंडाला छोटी नळी जोडून ती वेगळ्या भांड्यातील स्वच्छ पेट्रोलमध्ये सोडतात. असे केल्यावर धार सुधारल्यास पंप निर्दोष ठरतो आणि शोध टाकी व मागील नळ्यांपुरता मर्यादित होतो. धार तशीच क्षीण राहिल्यास पंपाच्या झडपा किंवा डायफ्रॅम तपासावा लागतो.

यांत्रिक पंपांचा दाब साधारणतः २ ते ४ पौंड प्रति चौरस इंच एवढाच असतो. दाब याहून बराच जास्त असल्यास सुईझडप उचलली जाऊन कार्ब्युरेटर ओसंडू शकतो. डायफ्रॅम फाटल्यास पेट्रोल इंजिनाच्या तेलात उतरू शकते. तेलाची पातळी आपोआप वाढणे व तेलाला पेट्रोलचा वास येणे ही त्याची खूण आहे. पातळ झालेल्या तेलामुळे बेअरिंगे झिजतात. त्यामुळे अशा स्थितीत इंजिन चालविले जात नाही.

== टाकी व नळ्या ==
ओढीच्या भागातील दोष डोळ्यांना सहसा दिसत नाहीत. दाबाच्या भागातील नळीला चीर पडली तर पेट्रोल बाहेर गळते. ओढीच्या भागातील नळीला चीर पडली तर मात्र बाहेर थेंबही न दिसता पंप पेट्रोलऐवजी हवा ओढतो. म्हणून जुन्या रबरी नळ्या कोरड्या दिसल्या तरी त्या निर्दोष मानल्या जात नाहीत.

टाकीत पेट्रोल कमी होते तशी तेवढी हवा आत यावी लागते. टाकीच्या झाकणातील हवेचे छिद्र बुजल्यास आत निर्वात स्थिती निर्माण होते व काही किलोमीटर धावल्यावर मोटार बंद पडते. झाकण उघडताच ‘सूं’ असा आवाज येऊन मोटार पुन्हा सुरू झाली, तर दोष झाकणाचा असतो. टाकीतील गंज व गाळ हे दुसरे नेहमीचे कारण होय. मोटार थांबल्यावर गाळ खाली बसतो, काही वेळ मोटार नीट चालते आणि पुन्हा अडते. वारंवार भरणारी गाळणी टाकी साफ करण्याची गरज दर्शविते. केवळ गाळणी बदलल्याने मूळ दोष जात नाही.

== कार्ब्युरेटर ==
कार्ब्युरेटरमधील दोष लक्षणांनुसार पुढीलप्रमाणे ओळखता येतात:
* मंदगतीला इंजिन बंद पडते, पण वेगात नीट चालते – मंदगती जेट बुजलेला असणे.
* मंदगतीला नीट, पण चढावर किंवा वेगात झटके – मुख्य जेट बुजलेला असणे किंवा पुरवठा अपुरा असणे.
* अ‍ॅक्सिलरेटर दाबताच क्षणभर दम तुटतो – प्रवेगक पंपाचा दोष.
* काळा धूर, पेट्रोलचा वास, काळे पडलेले प्लग – सुईझडप न बसणे, तरंगकात पेट्रोल शिरणे किंवा चोक अडकणे.

== उष्णता आणि बाष्परोध ==
पेट्रोलातील हलके घटक सुमारे ३५ अंश सेल्सियसपासूनच उकळू लागतात. पंपाच्या ओढीच्या बाजूला दाब कमी असल्याने तेथे वाफ अधिक सहज तयार होते. वाफेवर पंपाची पकड बसत नाही व पुरवठा खंडित होतो. यालाच ‘वेपर लॉक’ किंवा बाष्परोध म्हणतात. उन्हाळ्यात घाट चढताना किंवा वाहतूककोंडीत हा प्रकार होतो. पंपावर ओले फडके गुंडाळणे हा चालकांचा जुना तोडगा आहे. त्याने मोटार लगेच सुरू झाल्यास बाष्परोधाची पुष्टीही होते. गरम इंजिन बंद केल्यावर वाटीतील पेट्रोल उकळून आत सांडणे हा मात्र वेगळा दोष आहे. त्यात पेट्रोल कमी नव्हे, तर जास्त झालेले असते.

== इथेनॉलमिश्रित पेट्रोल ==
भारतात २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलची विक्री फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली. जुन्या मोटारींतील रबरी नळ्या, डायफ्रॅम व बुचाच्या चकत्या इथेनॉलसाठी बनविलेल्या नसल्याने त्या फुगतात, मऊ पडतात किंवा तडकतात. इथेनॉल पाणी शोषून घेते. पाणी प्रमाणाबाहेर गेल्यास पाणी व इथेनॉल यांचा थर वेगळा होऊन टाकीच्या तळाशी बसतो आणि पंप प्रथम तोच थर ओढतो. शुद्ध पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनाने सुमारे १४.७ पट, तर इथेनॉलसाठी सुमारे ९ पट हवा लागते. त्यामुळे जुन्याच जेटवर मिश्रण विरळ होते. पंप व गाळणी ठीक असूनही इंजिन दम तोडत असल्यास हे कारण तपासावे लागते.

== किनारी भागातील परिस्थिती: जासई ==
रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यातील जासई हे नवी मुंबई परिसरातील गाव खाडीलगतच्या दमट पट्ट्यात व जवाहरलाल नेहरू बंदराच्या अवजड वाहतुकीच्या परिसरात आहे. अशा हवामानात अर्धवट भरलेल्या टाकीत बाष्प साठून पाणी व गंज होण्याचा संभव अधिक असतो. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या मोटारीचे जुने पेट्रोल म्हणूनच आधी काढून काचेच्या भांड्यात तपासतात. तळाशी पाण्याचा वेगळा थर किंवा तपकिरी गाळ दिसल्यास टाकी साफ केल्याविना इंजिन सुरू करीत नाहीत.

१२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेल्या अटल सेतूचा एक जोडमार्ग जासई येथे आहे. सुमारे २१.८ किलोमीटर लांबीच्या या सेतूचा सुमारे १६.५ किलोमीटर भाग समुद्रावर असून मोटारींसाठी कमाल वेगमर्यादा ताशी १०० किलोमीटर आहे. वेगवान वाहनांच्या मार्गिकेत अचानक बंद पडलेली मोटार इतरांसाठीही धोक्याची ठरते. त्यामुळे अधूनमधून अडणाऱ्या मोटारीचे निदान अशा मार्गावर जाण्यापूर्वीच पूर्ण होणे महत्त्वाचे असते.

== सुरक्षितता ==
पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती जमिनीलगत पसरते व दूरच्या ठिणगीनेही पेटू शकते. म्हणून चाचण्या मोकळ्या हवेत, थंड इंजिनावर, जवळ अग्निशामक ठेवून केल्या जातात. इंजिन सुरू करण्यासाठी कार्ब्युरेटरच्या तोंडात हाताने पेट्रोल ओतणे धोकादायक आहे. इंजिनाने उलट भडका मारल्यास बाटलीसह हात भाजतो. तोंडाने नळीतून पेट्रोल ओढल्यास ते फुप्फुसांत जाऊन गंभीर इजा होऊ शकते. दुरुस्तीनंतर सर्व जोड गळतीसाठी पुन्हा तपासूनच मोटार रस्त्यावर आणली जाते.

== हे सुद्धा पहा ==
* प्रीमियर पद्मिनी
* कार्ब्युरेटर
* अंतर्ज्वलन इंजिन
* अटल सेतू
* जासई